याप्य व्याधी आणि नादाचे औषध

जुनाट दुखणे जडलेल्या माणसाला आपल्या समाजात एका गोष्टीचा तुटवडा कधीच पडत नाही. ती म्हणजे सल्ला. मधुमेह म्हणा, संधिवात म्हणा, दमा म्हणा, दुखण्याचे नुसते नाव उच्चारण्याचा अवकाश, की कचेरीतील शेजारच्या टेबलावरचा सहकारी कारल्याचा रस सुचवतो, मेहुणा एखाद्या योगशिबिराचा पत्ता देतो आणि ज्याला स्वतःला आयुष्यात कधी पडसेही झालेले नसते असा गृहस्थ 'सगळे मनाचे खेळ आहेत' असे सांगून मोकळा होतो. या सल्ल्यांत आता 'ध्वनिचिकित्सा' किंवा 'नादोपचार' या प्रकाराची भर पडली आहे. धातूची वाडगी वाजवायची, रुग्णाने डोळे मिटून पडून राहायचे आणि त्या कंपनांनी शरीरातील बिघाड दुरुस्त व्हायचा, अशी ही कल्पना. मोठ्या शहरांत तिचे वर्ग चालतात, आणि ज्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे त्याच्यापर्यंत, मग तो परभणीत असो की पालममध्ये, तिच्या चित्रफिती पोहोचतात. या सगळ्याचे करायचे काय, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्याचे दुखणे जन्माचे सोबती झाले आहे, त्याच्या दृष्टीने तो रोज सकाळी उठून सोडवायचा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या वैद्यकात या अवस्थेसाठी एक नेमका शब्द आहे, आणि तो मागे पडला याची खंत वाटते. साध्य आणि असाध्य या दोन टोकांच्या मध्ये आयुर्वेदाने 'याप्य' नावाचा वर्ग मानला होता. याप्य व्याधी म्हणजे जी समूळ जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहते आणि उपचार थांबला की उसळते, अशी व्याधी. सुश्रुताने तिला पडायला आलेल्या घराची उपमा दिली आहे. योग्य जागी टेकू दिला तर ते घर उभे राहते. टेकू काढला की कोसळते. आजच्या भाषेत ज्याला आपण दीर्घकालीन आजार म्हणतो, त्याचे याहून नेटके वर्णन सापडणे कठीण. गंमत अशी की आयुर्वेदाच्या नावाने मधुमेह 'मुळापासून उखडून' टाकण्याच्या घोषणा करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द चुकूनही येत नाही.

एका घरी टेकू दिलेला असताना शेजारी दुसरा लावण्याला कोणाचीच हरकत असू नये. पहिला काढून दुसरा लावा, असे कोणी सांगू लागला की मात्र विचार करावा लागतो. योग, व्यायाम आणि नाद यांच्याविषयीचा सारा वाद, प्रस्तुत लेखकाच्या मते, येथेच येऊन ठेपतो.

हा विषय आज काही मोजक्या लोकांपुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांत शंभरात पस्तीसच्या वर निघाले. मराठवाड्यासारख्या भागात या आकड्यांचा अर्थ अधिक कठोर होतो. परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ मध्ये, तेही दीर्घ मागणीनंतर. तोवर जरा गुंतागुंतीचे दुखणे निघाले की नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा अंबाजोगाईची वाट धरायची, हाच रिवाज होता. जुनाट दुखण्यात डॉक्टरची गाठ महिन्या-दोन महिन्यांनी पाच मिनिटे पडते. उरलेले दिवस रुग्ण आणि त्याचे दुखणे, दोघेच समोरासमोर असतात. चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांनी 'व्यायाम करा' असे लिहिलेले असते. कोणता, किती, केव्हा आणि कोणता करायचा नाही, हे सांगायला त्यांना सवड नसते. ही जी पोकळी राहते, तिच्यात मग वाडगेवाले आणि चित्रफितवाले शिरतात. दोष केवळ शिरणाऱ्यांना देऊन भागणार नाही.

नादाचा विचार करताना मराठवाड्यातील वाचकाला एका नावाची आठवण व्हायला हवी. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ होता. घराणे मूळचे काश्मिरातले. हा स्वतः राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख, म्हणजे आमच्या कारकून बंधूंचा पूर्वसूरीच म्हणायचा. त्याने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, जो हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींना आजही आधारभूत वाटतो. या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात स्वरांचे विवेचन सुरू होण्यापूर्वी 'पिंडोत्पत्ती' नावाचे प्रकरण येते. त्यात गर्भ कसा वाढतो, देहाचे अवयव कोणते, याचे वर्णन आहे. नाद देहातून निघतो, तेव्हा आधी देह समजून घेतला पाहिजे, ही त्याची शिस्त. तथापि शरीररचना सांगितली म्हणजे चिकित्सा सांगितली असे होत नाही. अमुक राग ऐका म्हणजे अमुक रोग जाईल, अशा ज्या याद्या हल्ली हातोहात फिरतात, त्यांना अशा थोर ग्रंथांची साक्ष काढणे हा त्या ग्रंथांवरच अन्याय आहे.

मग आधुनिक शास्त्र काय म्हणते? ते अगदीच रिकाम्या हाताने उभे नाही. २००१ मध्ये इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिन जपमाळ आणि 'ओं मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास व रक्तदाब मोजला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली आणि रक्तदाब सावरणारी शरीरातील प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तल्लख झाली. मंत्र कोणत्या धर्माचा, याची त्या यंत्रणेला फिकीर नव्हती. लांब, संथ उच्छ्वास तेवढा तिला कळला. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये असे दिसले की नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला, तर नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण सुमारे पंधरा पट होते. कारण त्या कंपनाने नाकालगतच्या पोकळ्यांतील हवा खेळती होते. भ्रामरी करणाऱ्यांना हे वाचून आनंद व्हावा. पण तेवढ्यावरून भ्रामरीने दमा बरा होतो, असे अनुमान काढू नये. स्वित्झर्लंडमधील एक प्रयोग तर मोठा मौजेचा आहे. झोपेत श्वास अडखळणाऱ्या २५ जणांपैकी काहींना ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे लांब फुंकवाद्य शिकवले. चार महिने नियमित फुंकल्यावर त्यांचा त्रास कमी झाला. घशाचे स्नायू बळकट झाले हे त्याचे कारण असावे, असे संशोधकांनी २००६ मध्ये नोंदवले.

या तिन्ही प्रयोगांत नाद रुग्णाच्या स्वतःच्या देहातून, स्वतःच्या श्वासातून निघाला होता, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याने वाजवलेल्या वाडग्याची गोष्ट निराळी. त्यावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२ जणांच्या एका अमेरिकी पाहणीत बैठकीनंतर ताण आणि उदासी कमी वाटल्याचे लोकांनी सांगितले. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तासभर शांत खोलीत निवांत पडून राहिल्यावर कोणाला बरे वाटणार नाही? संगीताने कर्करुग्णांची चिंता व वेदना काही अंशी हलकी होते, याला बराच बरा पुरावा आहे, आणि ते लहान काम नव्हे. रात्री सांधे ठणकत असताना दोन घटका डोळा लागणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. परंतु वेदना हलकी होणे आणि रोग बरा होणे या दोहोंत जो फरक आहे तो पुसून टाकला, की उपचाराचा व्यापार होतो. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची पद्धत घरोघर होती. आजी नातवाच्या तळव्यांना तूप लावून वाटी फिरवी, पायांची आग निवे, पोर झोपी जाई. त्या वाटीने मूत्रपिंडे शुद्ध होतात असा दावा कोणत्याही आजीने केल्याचे ऐकिवात नाही.

आणि नादाचे शिक्षण घ्यायला परभणीकराने दूर का जावे? गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव मानले जाते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या बाईचे नाव जात्याशी कायमचे जोडले गेले आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहाटे अंधारात जड दगड फिरवणाऱ्या बायांनी हाताच्या गतीला गळ्याची गती जोडून घेतली होती, ही गोष्ट त्या संग्रहातून पानोपानी कळते. यात भाबडे कौतुक नको. दळण हे कष्टच होते, उपचार नव्हता, आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ओवी कष्ट घालवीत नाही, कष्टासोबत चालते, हे त्या बाया जाणून होत्या. जुनाट दुखण्यात नादाचे स्थान याच जातीचे आहे. आजही गावोगाव काकडआरती होते, सप्ताह होतात, भजनीमंडळे टाळ-मृदंग घेऊन बसतात. धापेचा विकार असलेल्या वृद्धाला बंद खोलीत एकट्याने श्वासाचे व्यायाम करण्यापेक्षा चार समवयस्कांबरोबर अभंगाची ओळ लांबवणे केव्हाही सुसह्य. गाण्याने फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांना कितपत लाभ होतो याचा पुरावा अजून तोकडा आहे, हे खरे. पण एकटेपणाचे काय? तेही एक दुखणेच असते, आणि त्यावर भजनीमंडळाइतका स्वस्त उपाय दुसरा दिसत नाही.

योगाच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा अधिक अभिमानास्पद आहे, आणि ती आहे शोधक बुद्धीची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांच्या वेळी पोटात काय घडते ते पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा आणि दाबमापकाचा उपयोग केला. प्राणायामात नेहमीहून पुष्कळ अधिक प्राणवायू शोषला जातो, ही त्या काळची लाडकी समजूत प्रयोगात टिकेना, तेव्हा त्यांनी तसे स्पष्ट मांडले. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी असलेल्या गांधीजींनी आसनांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. आपल्या श्रद्धेच्या विषयाला प्रयोगाच्या कसावर घासण्याचे हे धैर्य आजच्या योगप्रचारकांत किती जणांजवळ आहे?

दुसरे नाव बी. के. एस. अय्यंगार यांचे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेला, बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेला हा मुलगा १९३७ मध्ये योग शिकवण्यासाठी पुण्यास आला आणि पुण्याचाच झाला. आजारी देह म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आसनासाठी शरीराला छळण्याऐवजी शरीरासाठी आसन बदलावे, या हेतूने त्यांनी खुर्ची, दोर, पट्टे, लोड, लाकडी ठोकळे असे साधे सामान वापरात आणले. गुडघे गेलेली बाई खुर्चीवर बसून जे करू शकते तेही आसनच, ही दृष्टी जुनाट रुग्णांना मिळालेली फार मोठी देणगी आहे. २१ जूनला मैदानावर हजारो माणसे एका आज्ञेसरशी वाकताना दिसतात, ते दृश्य शोभिवंत असते. पण त्या रांगेत काचबिंदूचा रुग्णही असतो आणि कंबरेची चकती सरकलेलाही. शीर्षासनात डोळ्यांतील दाब दुपटीच्या आसपास जातो, हे मोजून सिद्ध झाले आहे. काचबिंदू असलेल्याने, मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेल्याने ते टाळावे. रक्तदाब चढा असलेल्याने दीर्घ कुंभकाच्या वाटेला जाऊ नये. ध्वनिक्षेपकावरून सर्वांना एकच आज्ञा देणाऱ्याला हे सांगता येत नाही.

योगाचा लाभ मोजायचा प्रामाणिक प्रयत्न आपल्याच देशात झाला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर २४ रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगाधारित पुनर्वसन घेतलेल्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली, ते आपल्या नित्य व्यवहारांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. मात्र पुढील झटके, पक्षाघात, मृत्यू यांत ठोस घट सिद्ध झाली नाही. भक्तांना हा निकाल निराशाजनक वाटेल, टीकाकारांना विजयाचा. ज्याला झटका येऊन गेला आहे त्याला विचारा. घराचा जिना भीती न बाळगता चढता येणे, पुन्हा बाजारहाट करता येणे, यासाठी तो काय द्यायला तयार होईल?

व्यायामाविषयी आमच्याकडे दोन भ्रम आहेत. खेड्यात म्हणतात, आम्ही राबतो तोच व्यायाम. वस्तुतः दिवसभर वाकून निंदणी करणे किंवा कापूस वेचणे हा कंबरेवरचा एकसुरी भार आहे. त्यात आकसलेले स्नायू ताणण्याची, विसाव्याची सोय नाही. त्या बाईला संध्याकाळी दहा मिनिटे पाठ सरळ करून पडणे आणि सावकाश पाय ताणणे एवढाच योग पुरे. याउलट कारकून आठ तास बसतो, शिक्षक आठ तास उभा राहतो, आणि दोघेही दमल्यामुळे आपला व्यायाम झाला असे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात जुनाट आजार असलेल्यांनाही, झेपेल त्या बेताने, आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. चालण्याचे सामर्थ्य किती, हे पाहायचे तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ चा अभ्यास पाहावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना नियमित चालणे व बेताचा आहार यांनी मधुमेह होण्याचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी उतरला. मेटफॉर्मिनच्या गोळीने सव्वीसच्या वर. पावलांनी गोळीची बरोबरी केली. पण उंबरठ्यावर असलेल्यांच्या बाबतीत, हे विसरू नये.

परभणीच्या हवामानात तर वेळेचे भान हवेच. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर हृदयरुग्णाने चालू नये. उलट डिसेंबरातल्या कडाक्यात दमेकऱ्याने पहाट टाळून ऊन वर येऊ द्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी ठेवल्याशिवाय फिरायला बाहेर पडू नये. पायांची संवेदना गेलेल्या मधुमेह्याने नवस म्हणून अनवाणी चालणे, तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणे यांना नम्रपणे नकार द्यावा. त्याला चटका कळत नाही, जखम कळते ती चिघळल्यावर. आणि सर्वच थकवा आळसाचा नसतो. श्रमानंतर दिवसेंदिवस अंथरूण धरायला लावणारा एक थकव्याचा विकार आहे. त्यात रोज थोडाथोडा व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत ब्रिटनने २०२१ च्या मार्गदर्शनातून काढून टाकली, कारण तिने कित्येकांचे नुकसान झाल्याच्या तक्रारी होत्या. 'उठा, हातपाय हलवा' हा सल्लासुद्धा अंधपणे द्यायचा नसतो.

पथ्याचा महिमा कमी लेखावा असा याचा अर्थ नव्हे. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता, आणि १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात ते कडक आहारपथ्यावर राहिले. 'गीतारहस्य' त्याच अवस्थेत लिहिले गेले. पण टिळक १९२० मध्ये गेले आणि माणसाला पहिले इन्सुलिन टोचले गेले १९२२ मध्ये. त्यांच्यापुढे पथ्याला पर्याय नव्हता. आज पर्याय असताना लहान मुलाचे इन्सुलिन बंद करून त्याला आसने किंवा ओंकार देणारा जो कोणी असेल, तो त्या मुलाला काही दिवसांत मृत्यूच्या दारात नेत असतो. येथे शब्द सौम्य करण्याचे कारण नाही.

कायदा याविषयी मुका नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ सालचा आहे. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती तो निषिद्ध ठरवतो, आणि त्याच्या व्याख्येत गंडेदोऱ्यांबरोबर मंत्रही येतो. असे असूनही २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेद या बड्या कंपनीला जाहीर माफी छापायला लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. भ्रमणध्वनीवरील फितींना तर विचारतो कोण?

तेव्हा बंदीपेक्षा पर्यायाचा विचार अधिक उपयोगी. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. उपकेंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाले आहे आणि योगाचे वर्ग हे त्यांच्या अपेक्षित कामांत धरलेले आहे. नावाची पाटी लागली. आता आठवड्यातून दोन सकाळी तेथे जुनाट रुग्णांचा वेगळा वर्ग लागावा. वर्गापूर्वी रक्तदाब मोजला जावा, साखरेची नोंद पाहिली जावी, कोणाला कोणते आसन वर्ज्य ते त्याच्या कार्डावर लिहिले जावे, आणि गोळ्यांचे वाटपही तेथेच व्हावे, म्हणजे योगासाठी आलेला औषध घेऊन जाईल आणि औषधासाठी आलेला दहा मिनिटे श्वास लांबवून जाईल. परभणीत नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अशा वर्गांवर पाठवले, तर व्यायामाची चिठ्ठी कशी लिहायची हेही ते शिकतील. निवृत्त शिक्षकांची तालुक्या-तालुक्यात वाण नाही. सेलू, मानवत, पाथरीसारख्या गावांत शाळेचे अंगण सकाळी सातपर्यंत मोकळेच असते. एक सतरंजी, चार खुर्च्या, रक्तदाबाचे एक यंत्र, आणि शेवटी ज्यांना हवा त्यांच्यासाठी एक अभंग किंवा नुसता मिटल्या ओठांचा हुंकार. याला किती पैसे पडतील, याचा हिशेब जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकापूर्वी मांडून पाहावा.